हौसाच्या वहीतलं पान

तांदळाच्या कण्यांची खळ निवली, तशी विठाबाईनं चुलीपुढून उठून वही उघडली. दिवस कलायच्या आत अंबूचा भाऊ गाडी घेऊन कार्ल्यात येणार होता, आणि त्याआधी हे पान व्हायला हवं होतं.

विठाबाईचा मुलगा कोंडाजी मिसरातल्या लढाईत पडला, त्याला दोन वर्षं झाली होती. आता त्याच्या बायकोचा, अंबूचा, कडूसच्या एका माणसाशी पाट ठरला होता. तेवीस वर्षांची पोर. विठाबाईनंच होकार दिला होता. माणूस बरा होता, पण अंबूची चार वर्षांची लेक हौसा त्याला नको होती.

लोणावळ्याला पारशीणबाईंच्या बंगल्यावर भांडी घासताना विठाबाईनं अशी वही पाहिली होती. घरातलं कोण कधी जन्मलं, कोण कुठं गेलं, सगळं तिच्यात चिकटवलेलं. हौसालाही तसं काही हवं, हे तिनं मनात धरलं होतं.

कोंडाजीचं लढाईवरून आलेलं शेवटचं कार्ड तिनं वर लावलं. खाली हौसाच्या बारशातल्या कुंचीची झालर. मधे फोटो. पलटणीच्या कपड्यांत खुर्चीवर बसलेला कोंडाजी, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी अंबू.

अंबूनं कातर पुढं केली. "आत्याबाई, मला कापून काढा. नुसता त्येंचाच लावा."

"का गं?"

"पोर इचारंल, आई कुटं हाय. काय सांगशीला?"

"कापलं तरी तुजा हात ऱ्हाईल खुर्चीवर," विठाबाई म्हणाली. "त्यो कुनाचा म्हनून सांगू?" तिनं कातर मांडीखाली सारली आणि फोटो अख्खा चिकटवला.

अंबू तिसरीपर्यंत शिकलेली. पेन्सिलीनं तिनं एकेका वस्तूखाली लिहिलं आणि सासूला वाचून दाखवलं. फोटोखाली मात्र ती बराच वेळ वाकून राहिली.

"काय लिवलंस?"

"नावं," अंबू म्हणाली आणि वही मिटली.

गाडी आली. अंबूनं हौसाची वेणी सोडली आणि पुन्हा घातली, घट्ट. "मी बी येऊ?" हौसानं विचारलं. अंबूनं तिच्या झग्याचं बटण लावलं. ते लागलेलंच होतं, तरी काढून पुन्हा लावलं. मग ती गाडीत जाऊन बसली आणि तिनं मागं पाहिलं नाही. हौसा घसा बसेपर्यंत रडली.

चौथ्या दिवशीही पोर नीट जेवेना, तेव्हा विठाबाईनं तिच्यापुढं वही धरली. हौसानं फोटोतल्या आईवर बोट ठेवलं. मग ते खालच्या अक्षरांवरून फिरवलं. "आजे, हितं काय हाय?"

विठाबाईला वाचता येत नव्हतं. पोरीला कडेवर घेऊन ती शाळेत गेली. दत्तोबा मास्तर ओसरीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "'हौसाचे वडील कोंडाजी. लढाईत गेले.'" आणि ते थांबले.

"फुडं वाचा की."

मास्तरांनी आवाज खाली आणला. "'हौसाची आई अंबू. हौसा लहान असतानाच देवाघरी गेली.'"

हौसा विठाबाईच्या पदराचं टोक चोखत होती.

"आई अंबू, एवढं कुटवर हाय, त्ये दावा," विठाबाई म्हणाली. मास्तरांनी बोट ठेवलं. विठाबाईनं अंगठा जिभेला लावला आणि पुढची अक्षरं पुसायला घेतली. कागदाचा धागा सुटेपर्यंत ती घासत राहिली. मग तिनं वही मास्तरांपुढं सरकवली.

"हितं कडूस लिवा," ती म्हणाली. "आन् तळेगावास्नं चाकणाला कसं जायाचं, तितनं फुडं कसं, समदं लिवा. पोर मोठी हुईस्तवर मी असंन, नसंन."