फुटवा

विश्रामकाकांनी आपल्या एकुलत्या ऑर्किडचं पान कुटून रसात तपासणीची पट्टी बुडवली. एक रेघ आली तर झाड निरोगी. दोन आल्या तर व्हायरस, मग त्याचा फुटवा काढून कुणाला लावायला देता येत नाही.

दोन आल्या. आणि झाड फुलांनी लगडलेलं!

बायको गेल्यापासून गेट वाजायचं ते फुटव्यांसाठीच. लोक गेटवरूनच घ्यायचे, थँक्यू म्हणायचे आणि पसार. आता तेही बंद. पट्टी कचऱ्यात टाकली तर कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात गेट वाजलं. शेजारची मृण्मयी. "काका, माझा फुटवा काढलात?"

"नाही गं. झाड रोगट निघालं. तुझ्या बाकीच्या झाडांना लागण होईल."

ती हिरमुसली. "मग फेकणार?"

"छे! आत खिडकीत ठेवीन."

"मग फुलं बघायला आत येऊ?"

काका खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलायला धावले.