प्रल्हादची शिलाई

"...आणि इथे लेखकाने कमाल केली आहे," सुधाबाई माइकसमोर म्हणाल्या. "वकिलाचा खून झाला. इन्स्पेक्टर आला. संशयित चार. आता खुनी सापडणार म्हणून पान उलटावं, तर मधुरा नावाची तरुणी गच्चीवर केस वाळवत उभी! वकिलाचं पुढे नावसुद्धा नाही. आणि शेवटी एक उडतं कासव येतं नि सगळ्यांना पाठीवर घेऊन ढगांच्या गावी जातं. रहस्यकथेत एवढं धाडस मी आजवर वाचलेलं नाही."

डहाणू रोडच्या त्या छोट्या वाचनालयात टाळ्या पडल्या. मागे चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला ग्रंथपाल प्रल्हाद मात्र चहा वाटायचं विसरला. उडतं कासव त्याच्या ओळखीचं होतं. ते मुलांच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर होतं. रहस्यकथेत त्याचं काही काम नव्हतं.

गेल्या महिन्यात तीन नव्या कादंबऱ्यांची शिवण उसवली होती. एक रहस्यकथा, एक प्रेमकथा, एक मुलांची अद्भुतकथा. प्रल्हादने त्या रविवारी घरी नेल्या, पानांच्या घड्या सुट्या केल्या आणि सुईदोरा घेऊन टीव्हीसमोर बसला. सुरुवातीच्या घड्या इकडे, मधल्या तिकडे, शेवटच्या मांडीजवळ. मग मॅच सुपर ओव्हरमध्ये गेली. प्रल्हाद उठून नाचला. नाचून झाल्यावर जी घडी हाताला लागली ती त्याने शिवली. पानांचे आकडे ओळीने जुळत होते, कारण तिन्ही पुस्तकं सारख्याच जाडीची होती. आत काय लिहिलंय ते बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

तसं ते कधीच येत नसे. प्रल्हाद पुस्तकं वाचत नसे. त्याला पुस्तकं शिवायला आवडत, खळ लावायला आवडे, नव्या पुठ्ठ्यावरून हात फिरवायला आवडे. "मिठाईवाला काय दिवसभर पेढे खात बसतो?" असं तो विचारी. वाचनालयाच्या अध्यक्ष सुधाबाईंना हे मुळीच पटत नसे. बाई बोर्डीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. न वाचणारा ग्रंथपाल ठेवायचा की नाही, याचा निकाल त्या आजच्या, नव्या पुस्तकांवर बोलायच्या कार्यक्रमानंतर लावणार होत्या. प्रल्हादला दुसरं काम मिळालं असतं. पण हे वाचनालय सोडायच्या नुसत्या विचाराने त्याला रडू येई.

दुसरे वक्ते अनिकेत सर. ते तळासरीला कॉलेजात शिकवत आणि साध्या गोष्टीलाही साधी राहू देत नसत. त्यांच्याकडे प्रेमकथा होती.

"मधुरा आणि शेखरचं प्रेम जमतं," सर म्हणाले. "मग शेखर नाहीसा होतो आणि घुबडांचा राजा गादीवर बसतो. म्हणजे काय? समाज! आणि शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर खुन्याच्या हातात बेड्या घालतो. प्रेम हाच गुन्हा, असं लेखिकेला सुचवायचंय."

"वा!" सुधाबाई म्हणाल्या.

वेवजीच्या शाळेत शिकवणाऱ्या नीलमताईंनी मुलांची कादंबरी वाचली होती. त्यात कासवाच्या राज्यात मध्येच चार संशयितांची उलटतपासणी होत होती आणि शेवटी मधुराचं लग्न लागत होतं. "मुलांना आपण उगाच लहान समजतो," नीलमताई जरा चाचरतच म्हणाल्या. खरं तर त्यांना काहीच कळलं नव्हतं. पण आधीच्या दोघांना एवढं कळलेलं पाहून त्यांनी आपलं न कळणं गिळून टाकलं.

"आपल्याला पायजे हां ती कासववाली!" दुकानदार मनिषभाई पहिल्या रांगेतून ओरडले. "प्रल्हादभाई, पहिला नंबर माझा!"

सुधाबाई पुन्हा माइकपाशी आल्या. खूश होत्या. "काही वाचक मला म्हणतील, बाई, पण खुनी कोण? अहो, खुनी कोण हे विचारणं हे बाळबोध वाचकाचं लक्षण! या लेखकाने आपल्याला त्या प्रश्नाच्या पलीकडे नेलं. प्रकाशकाकडून मी त्याचा नंबर मिळवलाय. आत्ताच फोन लावते, स्पीकरवर. सर्वांसमोर त्याचं अभिनंदन करू या."

त्यांनी चष्मा लावला आणि आकडे दाबायला सुरुवात केली.

प्रल्हादने मनाशी हिशोब केला. गप्प बसावं, तर फोनवर लेखक विचारणार, कसलं कासव? मग भर सभेत बाईंची शोभा होणार. बोलावं, तर आपली नोकरी आपल्याच तोंडाने जाणार. बाई कडक होत्या, पण प्रल्हादच्या मुलीला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचं हसं झालेलं त्याला बघवलं नसतं. त्याने ट्रे खाली ठेवला.

"बाई, फोन लावू नका!"

सगळी डोकी मागे वळली. प्रल्हाद खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. शिवण, घड्या, सुपर ओव्हर, नाच. "तिन्ही पुस्तकं एकमेकांत गेली, बाई. लेखकाची काही चूक नाही. माझी शिलाई चुकली." त्याने खिशातून वाचनालयाच्या चाव्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

अनिकेत सर एकाएकी बुटाची नाडी बांधू लागले. नीलमताईंनी मात्र सुटकेचा श्वास सोडला.

सुधाबाईंनी फोन खाली ठेवला. चाव्यांकडे पाहिलं, प्रल्हादकडे पाहिलं. मग माइकवर हात ठेवून त्या त्याच्या कानाशी वाकल्या. हात माइकवर नीट बसला नव्हता, त्यामुळे पुढचं सबंध सभागृहाने ऐकलं.

"चाव्या उचल, मेल्या, आणि आधी मला सांग, म्हणजे माझा खुनी अनिकेतकडे आहे? पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही रे माझा!"