अकरमच्या जागेवरचा डाग

अर्शियानं घासलेटाचा बोळा डागावर फिरवला, तेव्हा डाग हसला, असं चांगुणाबाई आजही शपथेवर सांगते. चांगुणाबाई म्हणजे शेजारीण. तिच्या शपथेला देगलूर नाक्याच्या त्या गल्लीत कुणी विचारत नाही, पण डाग काढण्यात तिचा हात धरणारी बाई अख्ख्या नांदेडात नाही. एकदा म्हणे तिनं कबऱ्या शेळीचे ठिपके तेलाचे समजून घासले, आणि संध्याकाळी मालकाला आपली शेळी ओळखू येईना.

हा डाग मात्र शेळीच्या ठिपक्यांहून चिवट. मटणाच्या सालनाचा, म्हणजे रश्श्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला अकरम ताटात हाडाची नळी ठोकता ठोकता नव्या नवरीकडं, म्हणजे अर्शियाकडंच, बघत बसला आणि अख्खी वाटी दस्तरखानावर लवंडली. दस्तरखान म्हणजे जेवताना जमिनीवर अंथरायचं कापड. पांढरंशुभ्र, सासूच्या माहेरचं. सासू कमरुन्निसा लेकाला पुढच्या ईदेपर्यंत बोलत राहिली. डाग काही हलला नाही. माश्या त्यावर बसायच्या आणि उपाशी परत जायच्या. गल्लीतल्या मांजरीनं एकदा त्याच्यावर जीभ फिरवली, तर आठवडाभर ती उंदराकडं बघेना.

मग नायगावच्या रस्त्यावर अकरमची पॅसेंजर जीप उलटली. अकरम गेला. डाग राहिला.

सुरुवातीला अर्शिया ताटावर बसायची आणि उठून जायची. भूक न्हाई, एवढंच म्हणायची. पुढं सासूनं तिचं ताट वाढणंच सोडलं. ती दोनच ताटं वाढायला लागली. एक आपलं, आणि दुसरं भरलेलं, दाराच्या बाजूला, त्या डागावर.

"बस रे अकरम. दोन घास खा. पॅसेंजर थांबतील."

जरा वेळ ती त्या जागेकडं बघत बसायची. मग ताट सुनेपुढं सरकवायची.

"जेवला माझा लेक. उरलंय तेवढं तू संपव, दुल्हन. अल्लानं दिलेलं रिझिक वाया जाऊ नये."

ताटातलं एक शितही हललेलं नसायचं. अर्शिया मान खाली घालून सगळं खायची. नाही म्हटलं तर म्हातारी ताटावरच रडत बसायची, म्हणून. ते ताट रिकामं करणं हे आता तिचं रोजचं काम झालं होतं.

अलीकडं तर म्हातारीला लेकाची आवडही आठवेनाशी झाली. अंबाडीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करणारा अकरम, आणि त्याच्या ताटात दिवसाआड अंबाडीची भाजी. मिरचीचा ठेचा भाकरीसारखा खाणारा माणूस, आणि त्याला फिक्की दाल. अंबाडी आवडायची ती अर्शियाला. म्हातारीच्या डोक्यात सगळी गल्लत होऊन बसली होती.

"डाग हाय तवर तिला लेक बसलेला दिसून राहिला," चांगुणाबाईनं निदान केलं. "डाग काढ, भरम जाईल. न्हाईतर म्हातारी हातची गेली म्हणून समज. सांगून ठेवते."

म्हणून त्या दिवशी म्हातारी सकाळीच नात्यात कुठं भेटायला गेलेली पाहून दोघींनी कापड मोरीवर घेतलं. घासलेटानं जुनं तेल सुटलं. मग गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश. साबण लागला आणि पिवळा डाग एकदम लालभडक झाला.

अर्शियाचा हात थांबला. जीपमधून काढून आणलेला शर्ट तिनं बघितला होता.

"रगत न्हाई माय, हळद हाय," चांगुणाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. "साबणानं हळद अशीच पेटती. लिंबू पिळ आन् उन्हात टाक. हळदीला उन्हावाणी धोबी न्हाई."

लाल पुन्हा पिवळा झाला. ऊन चढत गेलं तसा पिवळाही विरत गेला. शेवटी कापड असं पांढरं निघालं, की चांगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. ऊन लई झालं, म्हणाली, आणि आपल्या घरात निघून गेली.

दुपारी म्हातारी परतली. तिनं दस्तरखान अंथरला, आपलं ताट ठेवलं. दुसरं ताट एका हातात धरून ती दाराच्या बाजूला वळली आणि तिथंच थांबली. मोकळा हात कापडावरून फिरला. इकडून तिकडं. तिनं कापडाचा कोपरा उलटून पाहिला, मग दुसरा.

"मीच धुतला, अम्मी," अर्शिया म्हणाली. "ते न्हाईत आता. ते जेवायला येत न्हाईत, अम्मी."

म्हातारी रडली नाही. ताट मांडीवर घेऊन ती खाली बसली. सुनेकडं तिनं पाहिलं, ते अगदी शुद्धीतल्या माणसानं पाहावं तसं.

"मला सांगून राहिलीस, दुल्हन? मय्यत उचलायच्या आधी त्याच्या तोंडावरून हात मीच फिरवला."

तिनं ताटाची कड पदरानं पुसली. अंबाडी निवत चालली होती.

"त्याचं उरलंय म्हटल्याबिगर तू घास घेत नव्हतीस. आता तुला काय सांगून जेवू घालू?"