बदलीच्या बाईंचा खेळ

"चला, फाशी-फाशी खेळू या!" बदलीच्या बाईंनी टाळी वाजवली आणि फळ्यावर खडूनं एक उभा खांब ओढला, त्यावर आडवा दांडा, दांड्याला दोरी.

पाचवीच्या वर्गातली पोरं एकमेकांकडे बघू लागली. नेवेनानं आधी शेजारच्या बोयानकडे पाहिलं. त्याच्या बापानं गेल्याच महिन्यात चेरीच्या बागेत गळफास घेतला होता. बापाचा फोटो छापलेला निधनाचा कागद शाळेच्या फाटकावर अजून चिकटलेला होता. पण असे कागद गावात दर खांबावर, दर दारावर असतात; शहरातून आजच आलेल्या बाई थोड्याच ते वाचत बसणार! आणि माणूस कसा गेला, ते कागदावर छापतं कोण?

बाईंनी शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहिलं, मधल्या अक्षरांच्या जागी रेघा मारल्या. अक्षरं सांगत शब्द ओळखायचा, आणि दर चुकीला दोरीला लटकणाऱ्या माणसाचा एकेक भाग फळ्यावर वाढणार. "हं, सांगा पटापट! आम्ही तर या खेळासाठी बाकांवर उभे राहायचो."

नेवेनानं हात वर केला. "बाई, दुसरं काहीतरी खेळू या ना."

"का गं? याला काय झालं?"

आता काय सांगणार, कपाळ? बोयान ऐकत होता. "कंटाळा येतो," ती म्हणाली.

"तुम्हाला कशाचा कंटाळा येत नाही, ते एकदा सांगा! मोबाइल दिला की बरं. चल, पहिलं अक्षर तूच सांग."

नेवेनानं डोळे फाडून रेघांकडे पाहिलं. एका दमात शब्द ओळखला की फळा पुसला जाईल, एवढंच तिला हवं होतं. पण मेलं डोकं चालेचना. "ओ," ती म्हणाली.

"ओ नाहीये!" बाईंनी मोठ्या हौसेनं दोरीला गोल डोकं लटकवलं.

नेवेनाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मागच्या बाकावरून मिरोस्लाव पुटपुटला, "गप्प बसायला काय झालं होतं, शहाणे?"

मग सगळेच गप्प बसले. अक्षरच सांगितलं नाही तर चुकणार कसं? कुणीतरी घाबरत घाबरत 'ए' म्हणालं. 'ए' निघाला, पण एकच, आणि त्यानं काही उलगडेना. पुन्हा सगळे गप्प.

"असं का? मग गप्प बसलात तरी चूकच धरणार मी," बाई म्हणाल्या आणि डोक्याखाली धड काढलं. थोडं थांबून एक हात. मग दुसरा. "मुलं आहात की मातीचे गोळे? एवढ्या प्रेमानं खेळायला घेतलं तुम्हाला!"

नेवेनाला त्यांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. उठून ओरडून सांगावं, की बाई, पुसा ते आधी! पण का पुसा, तेही सांगावं लागणार, आणि ते बोयानच्या समोर. तिनं बाकाखाली मुठी आवळल्या. "बाई, माझं डोकं दुखतंय. मला बाहेर जायचंय. बोयानला घेऊन जाऊ का सोबत?"

"खाली बस. नाटकं नकोत मला."

एक पाय. दुसरा पाय.

"झालं! आता डोळे आणि तोंड तेवढं राहिलं. ते काढलं की तुम्ही हरलात," बाई वैतागून म्हणाल्या.

तेवढ्यात बोयान उठला. नेवेनानं त्याची बाही धरली, ती त्यानं हळूच सोडवली. सरळ फळ्यापाशी गेला आणि बाईंच्या हातातला खडू काढून घेतला.

"अरे, अक्षर सांगायचं असतं. खडू नाही घ्यायचा!"

त्यानं ऐकलंच नाही. लोंबणाऱ्या पायांच्या खाली त्यानं एक खुर्ची काढली. घाई केली नाही. बैठक पावलांना बरोबर लागते ना, ते वाकून पाहिलं, आणि ती रेघ पुन्हा एकदा जोरात गिरवली. मग खडू जागेवर ठेवून तो नेवेनाकडे वळला.

"टेकले त्याचे पाय," तो म्हणाला. "आता सांग तू. चुकलं तरी चालेल."