हातांची फुली

क्रेनच्या केबिनमध्ये, एवढ्या उंचीवर, खालचा आवाज पोहोचत नसे. खाली उभा राहून मेहुणा हाताने खुणा करणार आणि त्या पाहून हा वरून क्रेनने माल उतरवणार, असं दोघांचं सात वर्षं बिनबोभाट चाललं होतं. याची बायको लेकीला घेऊन माहेरी निघून गेली, त्याला आज अकरावा दिवस. तेव्हापासून मेहुणाही त्याच्याशी खुणांपलीकडे एक अक्षर बोलला नव्हता.

सळयांचा गठ्ठा खाली सोडता सोडता त्याने मांडीवरच्या मोबाइलवर पुन्हा एकदा लिहिलं, "चुकलो गं मी. परत हात उचलला तर पोरीचं तोंडही दाखवू नकोस मला. पाया पडतो, घरी ये."

अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिचं उत्तर आलं. शब्द एकही नाही, नुसतं चित्र. दोन्ही हातांची फुली करून 'नाही' म्हणणारी इवलीशी बाई.

"अगं, शिव्या तरी घालायच्यास," तो एकटाच पुटपुटला. ती बाई रागावलेली आहे की रडवेली, एवढं तरी कळावं म्हणून त्याने मोबाइल डोळ्यांशी नेला. दुसरा हात क्रेनच्या दांड्यावर होता तसाच होता, आणि गठ्ठा उतरत होता.



खाली, गठ्ठ्याच्या बरोबर खाली, पाय अडकून पडलेल्या गवंड्याशेजारी उभा राहून मेहुणा केव्हाचा डोक्यावर तशीच फुली धरून ऊर फुटेस्तोवर ओरडत होता, "अहो दाजी, थांबा!"