आधी कुठे बघायचं

मोरीतला नळ खाकरला. चारचं पाणी आलं. रविवारची दुपार, इतका वेळ वाशीच्या त्या दोन खोल्यांत फक्त कागद उलटत होते. चार वर्षांची सखू झोपली होती. अरुणाने नळाखाली बादली सरकवली आणि ती परत जमिनीवर पसरलेल्या छापील कागदांवर ओणवी झाली.

महाप्याच्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. कारखान्यातल्या टाक्या किती तापू द्यायच्या ते सांभाळणाऱ्या पेट्यांसाठी. नवी पेटी काल तिच्याबरोबर काम करणाऱ्या नंदकिशोरने रबाळ्याच्या रसायनाच्या कारखान्यात बसवूनसुद्धा दिली होती. उरलं होतं ते कागद तपासून सही करणं.

एका पानावर तिचं बोट थांबलं. कमाल तापमान : ९०.

साठ हवं होतं. साठ तिने स्वतः लिहिलं होतं.

बोट वर सरकलं. असले आकडे वेगळ्या फाईलीत असतात, हेडर म्हणतात तिला. प्रोग्रॅम बांधताना कॉम्प्युटर ती फाईल शोधत जातो, आपण दिलेल्या यादीप्रमाणे: आधी ह्या डिरेक्टरीत, म्हणजे फाईलींच्या ह्या कप्प्यात बघ, मग त्या. त्या नावाची पहिली फाईल हाताला लागली की शोध संपला. पुढे दुसरी आहे का, हे तो बघत नाही. आणि शुक्रवारी, सहाला पाळणाघर बंद व्हायच्या घाईत, अरुणाने साठच्या फाईलीची नवी डिरेक्टरी जोडली ती यादीच्या शेवटी. रेशनकार्डावर सखूचं नाव चढवलं होतं तशी. नवं नाव खाली घालायचं, हातालाच सवय. वर जुन्या कामाची डिरेक्टरी तशीच बसून होती, आणि तिच्यात त्याच नावाची फाईल. नुसतं पाणी तापवणाऱ्या टाकीची. नव्वदची. कॉम्प्युटरने तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता.

रबाळ्याच्या टाकीतलं रसायन सत्तरला भडकतं.

बादली भरून वाहायला लागली. अरुणाने झोपलेल्या सखूला खांद्यावर टाकलं आणि ती जिना उतरली.

"अहो वहिनी, पायात काही नाही तुमच्या," म्हणत खालच्या मेडिकलवाल्याने फोन पुढे सरकवला. पलीकडे, रबाळ्याच्या कारखान्यात, घंटी वाजत राहिली. सखूची ऊन ऊन मान तिच्या मानेला चिकटली होती.

"गोटीराम बोलतो. कोन पायजे?"

"मी पेटीच्या कंपनीतून, अरुणा. टाकी चालू आहे का?"

"हाय ना. मगाशीच लावली. मी निवांत च्या पितोय. तुमचा तो साहेब बोलला ना, पेटी जाम हुशार हाय, तीच बंद करंल."

"ती नाही करणार! काटा किती दाखवतोय?"

"तो टाकीजवल हाय. आतमधी."

"आणि बंद करायचं बटण?"

"ते बी तिथंच."

आत जा म्हणावं की बाहेर पळा म्हणावं? अरुणाने सखूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मेडिकलवाला हातातली बाटली तशीच धरून तिच्याकडे बघत होता.

"बाय, फोनवर हाव का गेलाव?"

"गोटीरामदादा, बंद करून या. धावत जा. आणि धावत बाहेर या. मी फोन ठेवत नाही."

"हातानंच बंद करायची तर पेटी कशाला घेतली सांग," तो हसला. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. मग फोनमधून नुसती टाकीची घरघर.

सखू जागी झाली. आईच्या कानाला कान भिडवून तीही ऐकायला लागली.

"कोण आहे गं तिकडे?"

"गोटीरामदादा आहेत."

सखूने जरा वेळ ऐकलं.

"मग ते बोलत का नाहीत?"