नदीकडचे दोन पत्रे

"गव्हर्नर, त्या बाईंना सांग, दोर फेकतोय. कमरेला बांधून घ्या म्हणावं."

छपराच्या आढ्यावर चारी पाय फाकवून उभ्या असलेल्या कुत्र्यानं एकदा क्लिफर्डकडं बघितलं, एकदा पलीकडच्या उतारावर. पलीकडून क्लिफर्डच्या सासूचा, मर्टल म्हातारीचा आवाज आला.

"गव्हर्नर, त्या माणसाला सांग, बाईंना दोर नको. बाई मजेत आहेत."

"गव्हर्नर, बाईंच्या लेकीनंच पाठवलंय म्हणावं. आईला घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस म्हणाली."

"मग दाखवू नकोस म्हणावं. तसंही काय मोठं बघण्यासारखं आहे!"

आमच्या नदीवर सासू-जावयानं एकमेकांकडं बघायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. भांडण नव्हे, मान आहे तो. निरोप द्यायचा तो कुत्र्याकरवी, नाहीतर झाडाकरवी. गव्हर्नरनं दोघांचे इतके निरोप पोचवले होते, की माणूस असता तर निवडणुकीला उभा राहिला असता.

त्या दिवशी समुद्रावरचं वादळ आत घुसलं आणि नदी वस्तीत शिरली. वारा असा, की मगरी झाडांना मिठ्या मारून बसल्या होत्या. खोटं वाटत असेल तर मगरींना विचारा. होड्यांनी माणसं टेकडीवर नेली. तिथं गेल्यावर कळलं, म्हातारी नाही. क्लिफर्ड उलटा फिरला. ती सापडली अर्धवट बांधलेल्या संस्कृती केंद्राच्या छपरावर. हे केंद्र तिनंच भांडून मिळवलं होतं. पूर्वजांच्या ढाली आणि भाले शहरातल्या संग्रहालयात पडून होते. आधी छप्पर दाखवा, मग परत पाठवू, असं तिथले लोक म्हणायचे.

पाणी वळचणीला लागलं होतं. क्लिफर्ड आढ्याच्या अलीकडच्या उतारावर चढला होता, त्याची होडी खाली आपटत होती. हातोडा-खिळ्यांची पिशवी अजून त्याच्या कमरेलाच होती, कारण हे छप्पर तोच बांधत होता. आणि म्हणूनच एक गोष्ट त्याला ठाऊक होती. नदीकडच्या दोन पत्र्यांना एकही खिळा नव्हता. म्हातारी रोज त्याच बाजूला झाडाखाली बसून काम बघायची. सासूसमोर जायचं कसं? ती नसेल तेव्हा ठोकू, असं तो म्हणत राहिला. ती रोज असायची. आणि आता नेमकी त्याच पत्र्यांवर बसली होती.

"गव्हर्नर," त्यानं घसा ताणला, "बाईंना सांग, त्या पत्र्यांना..."

वाऱ्याचा असा तडाखा आला, की गव्हर्नर आढ्यावरून उडून पाण्यात पडला. त्यानं एकदा मागं बघितलं, आणि राजीनामा दिल्यासारखा टेकडीकडं पोहत सुटला.

आता मधे कुणीच नव्हतं. निरोपाला पाण्यावर एक झाड उरलं नव्हतं, आभाळात एक पाखरू दिसेना. आढं ओलांडून तिला धरावं, तर म्हातारी जगली असती, पण पुन्हा चारचौघांत मान वर करून बसली नसती. न धरावं, तर लेक आईला मुकली असती. पलीकडचे पत्रे थडथडले. क्लिफर्डनं ओल्या पत्र्यावर कपाळ टेकलं.

"घरा," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला. "घरा, तुझे नदीकडचे दोन पत्रे मी ठोकलेच नाहीत रे. नुसते ठेवलेत. तिथं कुणी बसलं असेल तर उठव तिला. वारा पत्र्यासकट नेईल. पाया पडतो तुझ्या, उठव तिला!"

पलीकडून आला तो बसलेला, दमलेला आवाज.

"घरा, त्याला सांग, रोज बघत होते, मला ठाऊक नसेल होय? म्हणून तर वर येऊन बसलेय. मी उठले की पत्रे गेले. खिळे घेऊन इकडं ये म्हणावं. मी तोंड नदीकडं करून बसते."